१८० रुपयांची एलसीडी पाटी: सहावीतल्या पोराच्या गणितासाठी घेतली

दिवाळीनंतर हिंगणघाटच्या बाजारातून ही पाटी आणली. साडेआठ इंची, काळी, सोबत प्लास्टिकची काडी. काडीने दाबून लिहिलं की हिरवी अक्षरं उमटतात, बटन दाबलं की सगळं पुसतं. नेट नाही, चार्जिंग नाही. लिहायला सेल लागतच नाही, फक्त पुसताना लागतो. चार महिने झाले, अजून बदलला नाही.

आमच्याकडे भांडण वहीवरूनच व्हायचं. कापूस वेचून घरी यायचं, स्वयंपाक करायचा, मग आठ वाजता गणित. वहीत खाडाखोड दिसली की माझा आवाज चढायचा. एकदा तर मी पानच फाडलं. त्यानंतर पोरगं उत्तर लिहायच्या आधी माझ्या तोंडाकडे बघू लागलं. ते मला फार लागलं.

आता आधी पाटीवर करायचं, बरोबर आलं की वहीत उतरवायचं. काडी मी हातात घेत नाही, बाजूला बसून डाळ निवडते. परवा २/३ + १/४ होतं. त्याने वरचे वर, खालचे खाली मिळवून ३/७ लिहिलं. मी एवढंच म्हटलं, "भाकर काढून पाय बरं." त्याने गोल काढला, तीन भाग केले, दोन गिरवले. शेजारी दुसरी भाकर, तिचे वाकडेतिकडे सात भाग, त्यातले तीन. बराच वेळ पाहत बसला.

"माय, मिळवल्यावर कमी काहून झालं? आधी तर अर्ध्याच्या वर होतं!"

मग स्वतःच पुसलं आणि बारा भाग केले. आठ आणि तीन, ११/१२. मी डाळीतून मान वर केली नाही, पण डोळे भरून आले होते.

खोट एकच, पण मोठी: एखादी ओळ पुसता येत नाही, सगळंच जातं. धाकटीचं बोट लागून अख्खा भागाकार उडाला, तेव्हा घरात रडारड झाली. मागे लॉकचं बारीक बटन आहे, ते आम्हाला नंतर सापडलं. पाटीला स्वतःचा उजेड नाही, लाईन गेली की टॉर्च धरावा लागतो. निबंधाला जागा पुरत नाही.

घेताना सेलचं झाकण स्क्रूने घट्ट बसलंय ना, ते पाहाच. तो चपटा सेल लहान पोराने गिळला तर अन्ननलिका जळते, जिवावर बेततं. आमच्या पाटीचा स्क्रू ढिला निघाला, घरी आणल्या आणल्या आवळला.