बायजेंडर ओळखीचा झेंडा निवडताना: सात पट्टे, पाच पट्टे की नुसते चिन्ह?

ऐरोलीतल्या कंपनीत ओळखपत्राच्या फितीवर, ठाणे लोकलमध्ये बॅगेला लावलेल्या बिल्ल्यावर किंवा मुंबईतल्या अभिमान मोर्चात (प्राइड मार्च) हाती धरलेल्या कापडावर बायजेंडर, म्हणजे दोन लिंगभाव (स्वतःला जाणवणारी लिंगओळख) असलेली व्यक्ती, म्हणून आपली ओळख मांडायची असेल, तर अमुक एकच झेंडा घ्या असे सांगणारी कोणतीही संस्था नाही. चलनात असलेल्या नमुन्यांपैकी दोन झेंडे आणि एक चिन्ह विचारात घेण्यासारखे आहे. त्यांतले कोणते घ्यावे, हे ते कोठे लावायचे आणि कोणी वाचायचे यावर ठरते.

सर्वाधिक ओळखला जातो तो सात आडव्या पट्ट्यांचा झेंडा. वरून गडद गुलाबी, फिकट गुलाबी, फिकट जांभळा, मधोमध पांढरा, पुन्हा फिकट जांभळा, मग फिकट निळा आणि शेवटी गडद निळा असा त्याचा क्रम असतो. गुलाबी म्हणजे स्त्रीत्व, निळा म्हणजे पुरुषत्व, जांभळा म्हणजे दोहोंचा संयोग, असा त्याचा प्रचलित अर्थ लावला जातो. मोर्चातल्या गर्दीत जाणकार माणूस तो चटकन ओळखतो, ही त्याची मोठी जमेची बाजू. घरातल्या वडीलधाऱ्यांना मात्र तो बारशाच्या सजावटीतून उरलेल्या कापडासारखा वाटण्याचीच शक्यता अधिक, आणि ज्यांना घरी अजून काही सांगायचे नाही त्यांना ही गोष्ट सोयीचीही ठरू शकते.

त्याची खरी मर्यादा अर्थाची आहे. बायजेंडर व्यक्तीचे दोन लिंगभाव स्त्री आणि पुरुष हेच असतील असे नाही. त्यांपैकी एक किंवा दोन्हीही या जोडीबाहेरचे असू शकतात, आणि ते एकाच वेळी जाणवतात किंवा आलटून पालटून, हेही व्यक्तिगणिक बदलते. गुलाबीकडून निळ्याकडे जाणाऱ्या झेंड्यात अशा व्यक्तीला स्वतःची जागा शोधावी लागते. गुलाबी, पिवळा, पांढरा, जांभळा आणि निळा अशा पाच पट्ट्यांच्या दुसऱ्या झेंड्यातला पिवळा रंग स्त्री-पुरुष जोडीबाहेरच्या लिंगभावांसाठी मानला जातो. काय रोवन (Kye Rowan) यांनी 2014 मध्ये केलेल्या नॉन-बायनरी, म्हणजे स्त्री-पुरुष जोडीत न बसणाऱ्यांच्या, झेंड्यातही पिवळ्याचा अर्थ हाच आहे, त्यामुळे तो झेंडा माहीत असणाऱ्याला हा पट्टा उलगडून सांगावा लागत नाही. अर्थाच्या कसोटीवर मला पाच पट्ट्यांचा झेंडा उजवा वाटतो. ओळखीच्या कसोटीवर तो मागे पडतो.

छपाईचा हिशेबही पाच पट्ट्यांच्याच बाजूने झुकतो. ओळखपत्राची फीत 20 मिलिमीटर रुंद धरली, तर लांबीला समांतर सात पट्ट्यांपैकी प्रत्येकाच्या वाट्याला तीन मिलिमीटरही येत नाहीत, पाचांपैकी प्रत्येकाला चार येतात. 44 मिलिमीटरच्या बिल्ल्यावर हेच आकडे साधारण सहा आणि नऊ होतात. शिवाय फिकट जांभळा हा छपाईतला नाजूक रंग आहे: फ्लेक्सवर तो निळा आणि गुलाबी यांच्या विरळ ठिपक्यांतून तयार होतो, आणि पांढऱ्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे शाई जरा हलकी पडली की मधले तीन पट्टे मिळून एकच मळकट पांढरा पट्टा दिसू लागतो. सात पट्ट्यांचाच आग्रह असेल, तर सॅटिनवर सब्लिमेशन प्रिंट (उष्णतेने शाई कापडात उतरवणारी छपाई) करून घ्यावी आणि पूर्ण ऑर्डर देण्याआधी वीतभर तुकडा छापून तो ट्यूबलाइटखाली नव्हे, दुकानाबाहेर उन्हात पाहावा. कापडाने झेंड्याला नमवल्याचे जुने उदाहरणही आहे: गिल्बर्ट बेकर यांच्या 1978 च्या आठ रंगी इंद्रधनुषी झेंड्यातला भडक गुलाबी पट्टा त्या रंगाचे कापड मिळेना म्हणून वगळावा लागला.

स्त्री आणि पुरुष यांची चिन्हे एकाच वर्तुळाला जोडलेले चिन्ह एकरंगी आणि छापायला स्वस्त आहे; युनिकोडमध्ये असल्यामुळे मोबाइलवरही उमटते. तरी ते एकट्याने वापरू नये, असे माझे मत आहे. विज्ञान शाखेत शिकलेल्या कोणालाही ते पुष्पसूत्रातले, पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असलेल्या फुलाचे चिन्ह म्हणून आठवेल. त्यावरून गोष्ट शरीररचनेकडे वळते, आणि बायजेंडर ओळखीचा शरीररचनेशी तसा संबंध नाही. झेंड्याच्या कोपऱ्यात ते चालून जाईल.

दुकानदाराला फाइल देताना एक काळजी घ्यावी. मायकल पेज यांनी 1998 मध्ये तयार केलेला बायसेक्शुअल झेंडा गुलाबी, जांभळा आणि निळा अशाच रंगांचा असून नावातही ‘बाय’ आहे. पण तो कोणाविषयी आकर्षण वाटते ते सांगतो, आपण कोण आहोत ते नव्हे. त्यात पांढरा पट्टा नसतो, एवढी एक खूण छापलेला माल ताब्यात घेताना पुरेशी आहे.