सातव्या हेन्रीचे मुचलके वाचायचे असतील तर : ‘ट्यूडर चेंबर बुक्स’

इंग्लंडच्या सातव्या हेन्रीने (1485–1509) उमरावांना मुठीत कसं ठेवलं, हे बहुतेक ठिकाणी ‘जबर दंड केले’ एवढ्यावर उरकतात. खरी यंत्रणा पाहायची तर त्याचा जमाखर्चच उघडायला हवा, आणि तो विंचेस्टर व शेफील्ड विद्यापीठांच्या ‘ट्यूडर चेंबर बुक्स’ या संकेतस्थळावर फुकट वाचता येतो. 1485 ते 1521 या काळातल्या राजाच्या खासगी खजिन्याच्या वह्या तिथे उतरवून ठेवल्या आहेत आणि त्यांत शब्दाने शोध घेता येतो.

खर्चाच्या वह्यांत वादक, जुगार, घोडे यांच्या नोंदी मन रमवतात, पण तिथे अडकू नका. उमरावांचं प्रकरण वह्यांच्या मागच्या बाजूच्या टिपणांत आहे: कोणाकडून किती येणं, कोणाचा अल्पवयीन वारस राजाच्या ताब्यात, कोणी मुचलका लिहून दिला. 1492 पासून या वह्या राजाचा खजिनदार जॉन हेरन याच्याकडे होत्या आणि राजा त्या स्वतः तपासून सही करत असे. वह्यांतली सगळ्यात बोलकी गोष्ट मला ही सहीच वाटते.

मुचलक्याची रीत साधी आणि जीवघेणी होती. उमरावाने मोठी रक्कम ‘देणं लागतो’ असं कबूल करायचं, जामीन उभे करायचे. अट पाळली तर देणं निष्क्रिय, मोडली तर लगेच वसुली. 62 सरदार घराण्यांपैकी 36 अशा कागदांत अडकली होती. लॉर्ड बर्गाव्हेनीने 471 माणसं बेकायदा पदरी ठेवली. दंड दरमहा माणशी 5 पौंड, 30 महिने, म्हणजे 70,650 पौंड. एवढी रक्कम तो कधीच फेडू शकला नसता. मग 1507 मध्ये 5,000 पौंडांवर तडजोड झाली, वर्षाला 500 च्या हप्त्याने. शिवाय परवानगीविना केंट, सरे, ससेक्स, हॅम्पशरमध्ये पाऊल टाकायचं नाही.

नवखा वाचक नेमका इथेच चुकतो: मुचलक्यांच्या रकमांची बेरीज करून ती उत्पन्न समजतो. रोख किती आली हे जमेच्या वहीत वेगळं पडताळावं लागतं.

वापरताना तीन अडचणी येतात. स्पेलिंग त्या काळचं, त्यामुळे एकच आडनाव चार-पाच तऱ्हांनी शोधा. आकडे रोमन, 1 पौंड म्हणजे 20 शिलिंग, शिलिंगाचे 12 पेन्स, आणि ‘मार्क’ दिसला तर तो 13 शिलिंग 4 पेन्सचा. तारखा राज्यवर्षात, म्हणजे हेन्री गादीवर आल्यापासून मोजलेल्या; आकड्यात 1484 मिळवा, म्हणजे ते वर्ष कोणत्या सनाच्या 22 ऑगस्टला सुरू झालं ते कळेल. 22वं वर्ष 1506 चं.

मोठी उणीव एकच, आणि ती वह्यांच्या स्वरूपातच आहे: त्यांत रक्कम सापडते, वाद सापडत नाही. दटावणी करणाऱ्या ‘कौन्सिल लर्न्ड’चं (राजाच्या कायदेपंडितांच्या मंडळाचं) कामकाज लंडनच्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात, डची ऑफ लँकेस्टर या राजाच्या खासगी जहागिरीच्या दप्तरात आहे. निदान हेन्रीसाठी ही वसुली करणाऱ्या एडमंड डडलीचा अर्ज तरी शेजारी ठेवा. ऑगस्ट 1510 मध्ये शिरच्छेद होण्याआधी त्याने कैदेतून राजाने अन्याय केलेल्या 84 प्रकरणांची यादी लिहून दिली. 1504 नंतरची टिपणं वाचताना त्यातलं एकेक नाव शोधून पाहा.