रेकॉर्ड डिजिटल करून घेताना मी कसा फसलो

2019 च्या महापुरात गावभागातल्या आमच्या घरात पाणी शिरायला लागलं, तेव्हा बाबांनी टीव्ही तसाच सोडून आधी रेकॉर्डची पेटी माडीवर नेली होती. त्याच पेटीतल्या 38 एलपी आणि लाखेच्या 5 जुन्या तबकड्या मी गेल्या वर्षी माझ्या हातानं सांगलीतल्या एका माणसाकडे पोचवल्या. संगणकावर उतरवून पेन ड्राइव्हमध्ये द्यायच्या, नगाला 250 रुपये.

आठ दिवसांनी त्यानं नमुना ऐकवला. आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, डग्गा तर गायबच. "काका, रेकॉर्डी पार घासल्यात. रिस्टोरेशन करायला लागतंय, नगामागं 200 जादा." मी दिले. एकूण 19,350 रुपये, आणि पावती मागायचंही सुचलं नाही.

पेन ड्राइव्ह लावला तर खरखर गेलेली, पण गाणारा पाण्याखालून गातोय असं वाटत होतं. तंबोऱ्याची झणझण खरखरीबरोबरच पुसली गेली होती.

मिरजेचा माझा भाचा ध्वनिमुद्रणाचं काम करतो. त्यानं ऑडेसिटी या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एक फाइल उघडली. कव्हरवर ठळक 'स्टीरिओ' छापलेली एलपी, आणि डाव्या-उजव्या लहरी तंतोतंत एकसारख्या! टर्नटेबलची वायर सरळ लॅपटॉपच्या माइकच्या भोकात घातली होती. ते भोक बहुधा मोनो, म्हणजे डावं-उजवं वेगळं न घेणारं असतं. शिवाय एलपी कापताना खर्ज मुद्दाम कमी आणि वरचे स्वर जास्त ठेवलेले असतात. ते पूर्ववत करतो फोनो प्रीअँप, आणि तोच मध्ये नव्हता. आवाज पत्र्यासारखा झाला तो त्यामुळे, रेकॉर्ड घासल्यामुळे नव्हे. मग भाच्यानं स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजातल्या खालच्या-वरच्या स्वरांचं चित्र दाखवलं: 16 किलोहर्ट्झच्या वर सुरीनं कापल्यासारखा अंधार. नाव डब्ल्यूएव्ही, म्हणजे न दाबलेली पूर्ण फाइल, आत मात्र दाबून लहान केलेली एमपी3. म्हणजे त्या माणसानं स्वतःच बिघडवलेला आवाज दुरुस्त करायचे 8,600 रुपये माझ्याकडून घेतले.

तीच एलपी भाच्यानं प्रीअँप लावून, सर्वांत मोठा आवाज उणे 6 डेसिबलच्या आसपास, म्हणजे आवाज फाटण्याच्या मर्यादेखाली राहील अशा बेतानं घेतली. डग्ग्याची घुमक ऐकून आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

पैशांचं दुःख मी गिळलं असतं. पण लाखेच्या एका तबकडीवर पांढुरका, चिकट पट्टा उठलाय. ती त्या माणसानं स्पिरिटनं पुसली होती. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. एलपीला जे चालतं ते तिला चालत नाही. लाखेच्या, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या तबकडीची सुईसुद्धा वेगळी, एलपीच्या सुईच्या जवळपास तिप्पट जाड लागते. ती त्याच्याकडे आहे का, हे मी विचारलंच नव्हतं.

तुमच्या घरात अशी पेटी असेल तर सगळी एकदम देऊ नका, एकच एलपी द्या. प्रीअँप कुठला, 78 ची सुई आहे का, पुसणार कशानं, हे तोंडावर विचारा. कसलीही सफाई न केलेलं मूळ रेकॉर्डिंग आधी मागा. ते द्यायला जो का-कू करील त्याच्याकडून रेकॉर्ड तिथल्या तिथे परत घ्या. आणि प्रत्येक रेकॉर्डची आधीची अवस्था पावतीवर लिहून घ्या.

तो माणूस आता माझा फोन उचलत नाही. त्या तबकडीची दुसरी बाजू अजून वाजते. पहिलीवर सुई ठेवली की त्या पट्ट्यापाशी घसरते, आणि बाबा म्हणतात, "राहू दे, बंद कर."