ग्लास की रायली? ख्याल ऐकणाऱ्या कानाने सुरुवात कुठून करावी

ख्याल गायकीत मुरलेला माणूस पाश्चात्त्य समकालीन संगीताकडे वळू लागला की त्याला दोन नावं हमखास सुचवली जातात: फिलिप ग्लास आणि टेरी रायली. दोघे अमेरिकन, वयात जेमतेम दीड वर्षाचं अंतर, दोघांवर मिनिमलिस्ट (मोजक्या स्वरांची पुनरावृत्ती करत रचना उभी करणारे) हा शिक्का आणि दोघांच्या घडणीत आपल्या संगीताचा हात. नुसत्या वर्णनावरून निवड होणं कठीण.

ग्लास न्यूयॉर्कच्या ज्युलिअर्ड संगीतशाळेत शिकला, मग पॅरिसला संगीतशिक्षिका नादिया बुलांजेंकडे. तिथेच त्याला एका चित्रपटासाठी रविशंकरांचं संगीत पाश्चात्त्य लिपीत उतरवायचं काम मिळालं. तबलावादक अल्लारखाँ ऐकत होते आणि लिहिलेल्या प्रतीत जोर भलत्याच जागी पडत होते. मात्रा तोडणाऱ्या उभ्या रेघाच पुसल्या, तेव्हा कुठे जमलं. यातून ग्लासने उचलला तो हिशोब: छोटा स्वरसमूह घ्यायचा, त्यात एक स्वर वाढवायचा, पुन्हा एक काढायचा. लयकारीचं वेड असेल तर हे चटकन भिडेल.

रायली उलट्या वाटेने आला. १९६४ ची 'इन सी' ही रचना आधी: ५३ लहान तुकडे, प्रत्येक वादकाने मनाला येईल तितक्या वेळा वाजवून पुढच्याकडे सरकायचं. मग १९७० मध्ये, नाव झालेलं असताना, त्याने पंडित प्राणनाथांचं शिष्यत्व पत्करलं. प्राणनाथ किराणा घराण्याचे गायक, अब्दुल वहीद खाँचे शिष्य. १९९६ मध्ये ते जाईपर्यंत रायली त्यांच्याकडे शिकत राहिला, तानपुरा-तबल्यावर साथही करत राहिला. एकाने तालाचं गणित घेतलं, दुसरा सुराशी बसला.

माझा काटा झुकला तो षड्जावरून, म्हणजे सा-वरून. ग्लासच्या संगीतात वरची आकृती तीच राहते आणि खालचा खर्ज बदलतो. 'सत्याग्रह' या १९८० च्या ऑपेराचा शेवटच घ्या. संहिता भगवद्गीतेतली, तीही संस्कृतात. गांधींच्या भूमिकेतला गायक शेवटी भैरवीच्या स्वरांचा सरळ आरोह पुन्हा पुन्हा गातो. मैफल भैरवीने संपवणाऱ्यांना आणखी काय हवं? पण त्या आरोहाखाली वाद्यवृंद स्वरमेळ बदलत राहतो. मी मनात सा धरतो, तो मुरायच्या आत काढून घेतला जातो, पुन्हा नवा शोधायचा. पाश्चात्त्य संगीतावर वाढलेल्या कानाला नेमकं हेच सरकणं सुखाचं वाटत असणार. मला मात्र तानपुरा मध्येच कोणीतरी दुसऱ्या पट्टीत लावतंय असं वाटत राहिलं, आणि एकदा ते जाणवल्यावर बाकी काही ऐकूच येईना. ग्लासच्या साठच्या दशकातल्या सुरुवातीच्या रचनांना ही तक्रार लागू नाही. पण त्या इतक्या कोरड्या आहेत की सुरुवातीला कोणाला सुचवू नयेत.

'इन सी'मध्ये मध्यावर तीव्र मध्यम डोकावतो, अखेरीकडे कोमल निषाद येतो, वादक आपापल्या तुकड्यांवर रेंगाळतात. आणि वरच्या पट्टीत सा ठणकत असतो, अखंड. गंमत म्हणजे हा ठणकणारा सा मूळ कल्पनेत नव्हता. पहिल्या प्रयोगाच्या तालमीत वादक विस्कटू लागले, तेव्हा त्यात वाजवणाऱ्या स्टीव्ह राइश या संगीतकाराने तो सुचवला. पुढे 'श्री कॅमल' या अल्बममध्ये रायलीने ऑर्गनच शुद्ध श्रुतींत (हार्मोनियमसारख्या समान अंतरांऐवजी नैसर्गिक स्वरांतरांत) लावून घेतला. हार्मोनियमच्या गंधाराने ज्यांचे दात आंबतात त्यांनी तो ऐकून पाहावा.

रायलीत उणिवा नाहीत असं नाही. एकटा वाजवायला बसला की तो कधी कधी भरकटतो. बढत (रागाचा टप्प्याटप्प्याने विस्तार) म्हणावी तर दिशा नाही, असं होतं. रंगभूमीचा भव्य पसारा, चित्रपटासोबत येणारा परिणाम हवा असेल, तर ग्लासला पर्याय नाही. ग्लासने रविशंकरांसोबत केलेला १९९० चा 'पॅसेजेस' हा अल्बम दोघांच्या मधोमध बसतो, पण मला ते दोन सभ्य यजमानांच्या गप्पांसारखं वाटतं.

तरी ख्यालाकडून येत असाल तर आधी रायली घ्या, असंच मी म्हणेन. फक्त 'इन सी' निवडताना एक पाहा: तो ठणकणारा सा वाजवणं बंधनकारक नाही, काही वादक तो गाळतात. १९६८ च्या पहिल्या ध्वनिमुद्रणात तो ठसठशीत आहे.