प्रोजेक्टर भाड्याने घेतला, त्याचा अनुभव

दुकानाचं नाव लिहीत नाही. अमळनेरातलं एक साउंड-प्रोजेक्टरवालं दुकान, एवढंच समजा. नाव दिलं तर उद्या कोणीतरी म्हणेल, "हा त्या लोकांच्या कार्यक्रमाला सामान देतो", आणि पोराची हळदीची बुकिंगं जायची. त्याचं नुकसान करून मला त्याचं कौतुक करायचं नाही.

"त्या लोकांत", म्हणजे एचआयव्ही असलेल्यांत, मी येते. 2005 साली नवरा गेला, त्याच्याच आजारपणात माझी तपासणी झाली. तो केळीच्या गाडीवर होता, रावेर ते दिल्ली. हो, ड्रायव्हरच. एड्सच्या जाहिरातीतल्यासारखा. त्याला मी काय करू? आता माझं वय बावन्न, घरी फॉल-पिको आणि ब्लाउजची शिलाई करते, आणि महिन्या-दोन महिन्यांनी भुसावळ पॅसेंजर धरून जळगावला गोळ्या आणायला जाते.

आधी सामानाचा हिशेब. प्रोजेक्टर, आठ बाय सहाचा पडदा, दोन स्पीकर, एक कॉर्डलेस माइक आणि चालवायला पोरगा, संध्याकाळी सहा ते दहा. तीन हजार सांगितले, पंचवीसशेवर तुटलं. फोनवर त्याने विचारलं, "मावशी, हळद आहे का बर्थडे?" मी म्हटलं, पिक्चर. "कोणता?" मी म्हटलं, एक डिसेंबर आहे, एड्स दिन आहे, आमच्या गटाच्या बाया आणि पोरं येतील, त्याच विषयावरचे पिक्चर लावायचेत. तो जरा थांबला. मग म्हणाला, "लॅपटॉप तुमचा का माझा?" मला हा प्रश्न फार आवडला.

लॅपटॉप भाच्याचा. पिक्चर मी निवडलेले. आमच्या गटात मला "पिक्चरवाली" म्हणतात. या विषयावर जे काही पडद्यावर आलं ते मी वीस वर्षं शोधून शोधून बघत आलेय. पहिल्यांदा शोधलं ते भीतीने, की आपलं पुढे काय होतं ते तरी कळावं. कळलं ते एवढंच, की आपण मरतो. सगळीकडे मरतो.

टॉम हँक्सचा 'फिलाडेल्फिया' 1993 चा. वकील आहे, कपाळावरचा डाग ऑफिसात दिसतो, नोकरी जाते, कोर्टात जिंकतो आणि मरतो. त्याला ऑस्कर मिळालं. पण मला त्यातला एकच सीन पाठ आहे. तो डेन्झेल वॉशिंग्टनच्या ऑफिसात केस घेऊन येतो. वॉशिंग्टन हात मिळवतो, "मला एड्स आहे" ऐकतो आणि मागे सरकतो. मग हा टेबलावर कुठे कुठे हात लावतोय तिकडे त्याची नजर फिरत राहते. ती नजर मला ओळखीची आहे. किराणा दुकानात सुट्टे पैसे हातावर न देता काउंटरवर ठेवायचे, ती नजर. अमेरिकेत टीव्हीवर तर 1985 लाच 'ॲन अर्ली फ्रॉस्ट' आला होता. तेव्हा आजारावर एकही गोळी नव्हती. त्या काळच्या पिक्चरात माणूस मेला तर माझी तक्रार नाही, खरंच मरत होते. 1996 च्या सुमाराला तीन औषधं एकत्र द्यायची रीत आली आणि तिकडची माणसं अंथरुणातून उठून बसली. आपल्याकडे सरकारी गोळ्या फुकट सुरू झाल्या त्या 1 एप्रिल 2004 ला. माझी तक्रार त्यानंतरच्या पिक्चरांवर आहे.

'निदान' 2000 चा, महेश मांजरेकरांचा. शिवाजी साटम आणि रीमा आई-बाप, मुलीला रक्तातून लागण. रीमाबाईंनी रडवलं हे कबूल. पण रक्त का, ते मला तेव्हाच कळलं होतं. रक्ताने झालं म्हटलं की "कसं झालं?" हा प्रश्न विचारायला नको. मुलगी निष्पाप, आई-बाप निष्पाप, थिएटरातले सगळे निष्पाप. आमच्या गल्लीत मला पहिला प्रश्न हाच आला होता, आणि उत्तर देऊन झाल्यावर बायांच्या चेहऱ्यावर हिशेब दिसायचा: नवऱ्याकडून म्हणजे बिचारी. एका विधवेला "बिचारी" आणि दुसरीला भलतंच, असं गावाचं माप असतं. पिक्चरवालेही त्याच मापाने मोजतात.

'फिर मिलेंगे' 2004 चा, रेवतीबाईंचा. 'फिलाडेल्फिया'ची वाट धरलेली दिसते, पण शिल्पा शेट्टी बाई आहे, कमावती आहे, आणि शेवटी जिवंत आहे. मरायचं काम सलमान खानकडे दिलंय. तो पिक्चर मी भावजयीबरोबर टीव्हीवर पाहिला. तिला माझं माहीत नव्हतं. मध्येच म्हणाली, "असल्या बाईला घरात कसं ठेवतील?" मी म्हटलं, चहा टाक. तिने टाकला, आम्ही दोघींनी प्यायला. नंदिता दासच्या 'एक अलग मौसम'मध्ये पॉझिटिव्ह बाई पुन्हा प्रेमातसुद्धा पडते. तो कुणी पाहिलाच नाही, फार चालला नाही. चांगल्या गोष्टी आमच्याकडे अशाच येतात, रात्री उशिराच्या गाडीने.

दूरदर्शनचं मात्र नाव काढायला पाहिजे. 'जासूस विजय' आठवतो का? 2002 ला सुरू झालेली मालिका, आदिल हुसेन जासूस, आणि ओम पुरी मधूनच येऊन बोलायचा. खुनाचा तपास बघता बघता निरोधचं, तपासणीचं कानावर पडायचं. आम्ही नवरा-बायको ती बघायचो. त्याला तेव्हा खोकला लागलेला होता. खुनी कोण यावर आमची पैज लागायची, मधलं बाकीचं आम्ही ऐकून न ऐकल्यासारखं करायचो. शहाणी मालिका होती. आम्ही नव्हतो.

तर आता कार्यक्रम. मंगल कार्यालयाचा छोटा हॉल, पंचेचाळीस-पन्नास माणूस. पोरगा सांगितल्या वेळेला, सहाला पाच कमी असताना हजर. हे मी ठळक लिहिते कारण मांडववाला साडेसातला आला. पडद्याला मात्र मधोमध उभी सुरकुती होती, घडी करून ठेवून ठेवून पडलेली. मी म्हटलं, इस्त्री मारू का, ब्लाउजांची आहे घरी. तो म्हणाला, "मावशी, वितळेल." एचडीएमआयची केबल सैल होती, तिला जरा धक्का लागला की पडदा गुलाबी व्हायचा. शेवटी त्याने केबलखाली माझी पर्स लावली आणि तिथेच बसून राहिला. स्पीकर दोन सांगितले होते, एकच वाजत होता. दुसरा, त्याच्या म्हणण्याप्रमाणे, "आदल्या रात्री डीजेत बसला."

आधी 2007 च्या 'एड्स जागो'मधले दोन छोटे पिक्चर लावले. चार दिग्दर्शकांनी चार केलेत: मीरा नायर, संतोष सिवन, विशाल भारद्वाज, फरहान अख्तर. सिवनचा 'प्रारंभ' कन्नड आहे. प्रभुदेवा ट्रक ड्रायव्हर, आणि गाडीत लपून बसलेलं एक पोरगं आईला शोधतंय. त्याला एचआयव्ही आहे म्हणून शाळेने काढलेलं. खालची अक्षरं वाचायला आमच्या बायांना वेळ लागतो, म्हणून मी माइकवर सांगत गेले. गटातली एक आजी नातवाला मांडीवर घेऊन बसली होती. पोरगा शाळेत जातो, आता दहावीला आहे, मांडीवर मावत नाही. त्याने आजीला सांगितलं, "मला पाय टाकू दे." तिने टाकू दिले नाहीत.

भारद्वाजच्या 'ब्लड ब्रदर्स'मध्ये रिपोर्टची अदलाबदल होते. चांगला धडधाकट माणूस आपण पॉझिटिव्ह समजून घरदार सोडतो आणि मग कळतं, तो रिपोर्ट त्याचा नव्हताच. थिएटरात इथे लोकांचा जीव भांड्यात पडत असेल. आमच्या हॉलमध्ये मागून एक आवाज आला, "आपला काब्र नही बदलना?" म्हणजे आपला रिपोर्ट का नाही बदलला, आणि सगळा हॉल जो हसला, तो दोन मिनिटं थांबेना. प्रोजेक्टरवाला पोरगाही हसला, मग हसावं का नाही अशा चेहऱ्याने माझ्याकडे बघायला लागला. मी मान हलवली. हस म्हटलं.

सव्वासातला 'माय ब्रदर निखिल' लावला. ओनीरचा, 2005 चा. संजय सुरी जलतरणपटू, जुही चावला बहीण, पूरब कोहली त्याचा जोडीदार. हा मी मुद्दाम ठेवला. त्यात निखिलला पोलीस धरून नेतात आणि कोंडून ठेवतात, ते पाहून नवीन पोरांना वाटतं पिक्चरवाल्याने तिखट-मीठ लावलंय. तसं नाही. गोव्यात 1989 मध्ये डॉमिनिक डिसूझा नावाच्या तरुणाला असंच नेलं होतं, रक्तदान केल्यावर पॉझिटिव्ह निघाला म्हणून, आणि चौसष्ट दिवस एका जुन्या टीबी सॅनेटोरियममध्ये ठेवलं होतं. तेव्हाच्या गोव्याच्या कायद्यात ते बसत होतं. आता 2017 चा कायदा आहे, 2018 च्या सप्टेंबरपासून लागू आहे. नोकरीतून काढणं, दवाखान्यात वेगळं वागवणं, परवानगीशिवाय दुसऱ्याला सांगणं, सगळ्याला मनाई आहे. मी हे माइकवर सांगितलं. पुढे बसलेल्या पोरींनी फोनमध्ये लिहून घेतलं.

निखिल तलावात उतरतो आणि बाकीचे एकेक करून बाहेर निघतात, त्या सीनला कोणी काही बोललं नाही. बोलण्यासारखं प्रत्येकीकडे होतं. माझ्याकडे एका दवाखान्यातली फाइल आहे, तिच्यावर लाल पेनाने एवढं मोठं लिहिलेलं, की रांगेतल्या शेवटच्या माणसालाही वाचता यावं.

पिक्चर शेवटाकडे आला. निखिल खाटेवर, आई-बाप परत आलेले, जुही चावला उशाशी. त्याच्या चेहऱ्याच्या बरोब्बर मधून पडद्याची सुरकुती. हॉलमध्ये मुसमुस सुरू झालेली. आणि नऊ वाजले.

पहिला अलार्म माझ्याच फोनचा. मग डाव्या हाताला एक, मागे दोन, मग कुठूनतरी देवीची आरती, कुठून कोंबडा, कुणाची गाडीच्या रिव्हर्सची पिपाणी. पंधरा-वीस फोन एकदम. पर्सांच्या चेनी उघडल्याचा आवाज, पाण्याच्या बाटल्या. पडद्यावर निखिल जातोय आणि इकडे अख्खा हॉल गोळी घेतोय. माझी पर्स केबलखाली होती, ती ओढली तसा निखिल गुलाबी झाला. तोंडात गोळी धरून आजी तिच्या नातवाला विचारते, "हाऊ गोया खात नही का?" नातू म्हणाला, "आजी, तवय गोया नव्हत्या."

वीस वर्षांत हा सीन मी एकाही पिक्चरात पाहिला नाही. माझं सगळं आयुष्य याच सीनचं आहे. 2008 ला माझ्या गोळ्या सुरू झाल्या, त्या काळी सीडी-फोर, म्हणजे रक्तातल्या प्रतिकार करणाऱ्या पेशींचा आकडा, खाली गेल्याशिवाय सुरू होत नसत. तेव्हा दिवसातून दोनदा, आणि त्यातल्या एका औषधाने गालफडं बसायची, हात काडीसारखे व्हायचे. चेहऱ्यावरून लोक ओळखायचे म्हणून मी दोन उन्हाळे तोंडाला स्कार्फ बांधून काढले. आता एकच गोळी, रात्री. व्हायरल लोडच्या चिठ्ठीवर विषाणू सापडत नाही असं येतं, आणि तसं असताना जोडीदाराला लागण होत नाही, हे काउन्सेलर मॅडम समजावून सांगतात. याच्यात रडण्यासारखं काही नाही, म्हणून कॅमेरा तिथवर येत नसावा. त्यातल्या त्यात 'डॅलस बायर्स क्लब' मला जवळचा वाटतो. त्यात माणूस औषधासाठी मारामारी करतो. डॉक्टर त्याला तीस दिवस देतात, आणि ज्याच्यावरून तो पिक्चर केलाय तो माणूस सात वर्षं जगला. मलाही एकाने सहा महिने दिले होते. त्या गृहस्थाच्या मुलीचे लग्नाचे ब्लाउज मी शिवले.

नंतर शेवभाजी, कळण्याची भाकरी आणि गुलाबजाम. माइक फिरत होता, बाया बोलत होत्या, दोन पोरांनी गाणी म्हटली. सामान आवरताना पाहिलं तर प्रोजेक्टरवाला पोरगा रुमाल ओला करून माइक पुसतोय. चांगला घासून. मला एकदम तो वॉशिंग्टन दिसला. वीस वर्षांत अंगवळणी पडलंय, तरी पोटात खड्डा पडायचा तो पडतोच. तेवढ्यात तो म्हणाला, "मावशी, गुलाबजामच्या हाताने धरला सगळ्यांनी. पाकाने चिकट झालाय, मुंग्या लागतील." आणि वाटीत उरलेला एक गुलाबजाम तोंडात टाकून परत पुसायला लागला.

पाचपैकी साडेतीन तारे देते. वेळेला पाबंद, वागायला चांगला, जादा पैसे मागितले नाहीत. अर्धा तारा सुरकुतीचा कापला, अर्धा केबलचा आणि अर्धा त्या बसलेल्या स्पीकरचा, कारण पैसे दोनचे घेतले होते. पुढच्या वर्षीचं बुकिंग करून ठेवलंय, बावीसशेला. पडद्याची घडी न करता गुंडाळून आणायचं कबूल केलंय त्याने. निघताना विचारत होता, "मावशी, पुढच्या वेळी कॉमेडी लावायची का?" मी म्हटलं, तू सापडव, मी लावते.