२७ की ३२ इंच? वीस हजारांच्या आत मोठा मॉनिटर निवडताना

वीस हजारांच्या आसपास हात आखडायचा असेल तर मोठ्या मॉनिटरचे शेवटी तीनच पर्याय समोर उरतात: २७ इंची फुल एचडी (१९२० × १०८० पिक्सेल), २७ इंची क्यूएचडी (२५६० × १४४०) आणि ३२ इंची क्यूएचडी. सेलमध्ये किमती हजार-दोन हजारांनी खालीवर होतात, पण चढता क्रम बहुतेक वेळा हाच राहतो. पुढचा सगळा हिशोब दिवसभर मराठी मजकूर, एक्सेल आणि ब्राउझर यांत काम करणाऱ्याचा आहे. गेमिंगसाठी घेणाऱ्याने वेगळा विचार करावा.

२७ इंची फुल एचडी दुकानात बघताना छान वाटतो, कारण तिथे त्यावर व्हिडिओ चालू असतो. मजकूर उघडला की गोष्ट बदलते. या आकारात इंचाला जेमतेम ८२ पिक्सेल पडतात. २४ इंचीत ते ९२ असतात. म्हणजे स्क्रीन मोठा झाला आणि अक्षर भरड झालं. इंग्रजी मजकुरात हे बऱ्याच जणांना खपून जातं, देवनागरीत मात्र लगेच खुपतं. विंडोजमध्ये १०० टक्के स्केलिंगला (स्केलिंग म्हणजे स्क्रीनवरचं सगळं किती मोठं दिसावं याची सेटिंग) ११ पॉइंटच्या अक्षराला उंचीत साधारण १५ पिक्सेल मिळतात. त्यातच वरच्या वेलांट्या-मात्रा आणि खालचे उकार बसवायचे असतात, त्यामुळे शिरोरेषेच्या वर तीन-चार पिक्सेलच उरतात. ‘विद्यार्थ्यांनी’ किंवा ‘वर्षांपूर्वी’ टाइप करून बघा. रफार आणि अनुस्वार एकमेकांना चिकटून एकच ठिपका दिसतो. ध आणि घ, भ आणि म यांतला फरक शिरोरेषेतल्या एका फटीचा. या आकारात ती फट जेमतेम एक पिक्सेलची असते आणि क्लिअरटाइपच्या, म्हणजे विंडोज अक्षरं गुळगुळीत दाखवायला वापरतं त्या सोयीच्या, धूसर कडांमध्ये बुजून जाते.

नुसतं वाचायचं असेल तर संदर्भाने शब्द कळतो आणि डोळा पुढे सरकतो. प्रूफ तपासताना हाच संदर्भ फसवतो: अनुस्वार राहिलाय की असूनही दिसत नाहीये, हे कळायला दर दोन ओळींनी झूम करावं लागतं. माझ्यापुरता या एका कटकटीने निकाल २७ इंची क्यूएचडीच्या बाजूने लागला. ज्यांचं काम मुख्यतः आकड्यांचं किंवा व्हिडिओचं आहे त्यांना कदाचित ती जाणवणारही नाही.

क्यूएचडीबद्दल एक बारकावा मात्र सहसा कोणी सांगत नाही. नुसता मॉनिटर बदलून अक्षर सुधारत नाही. १०० टक्क्यांना क्यूएचडीवरही अक्षराला तेच १५ पिक्सेल मिळतात, फक्त पिक्सेल बारीक असल्यामुळे अक्षर लहान होतं. खरी सुधारणा स्केलिंग १२५ टक्के केल्यावर होते. मग त्याच अक्षराला १८ पिक्सेल मिळतात आणि डोळ्यांना आकार जवळजवळ २७ इंची फुल एचडीवर दिसतो तेवढाच दिसतो. वरच्या चिन्हांच्या वाट्याला एखादा पिक्सेल जास्त येतो, आणि तेवढ्यावर रफार व अनुस्वार सुटे होतात. याचा मोबदला जागेत द्यावा लागतो: १२५ टक्क्यांना वापरायला २०४८ × ११५२ एवढीच जागा उरते, फुल एचडीपेक्षा जेमतेम जास्त. म्हणून मला सोयीचा वाटतो तो मधला मार्ग. विंडोजचं स्केलिंग १०० वरच ठेवायचं, ब्राउझर आणि वर्डमध्ये झूम १२५ ते १४० करायचं आणि एक्सेल १०० वर सोडायचं. मजकूर स्वच्छ दिसतो आणि शीटचे कॉलमही जास्त मावतात.

स्केलिंग १२५ वर नेलंच, तर काही जुनी अकाउंटिंग आणि डीटीपी सॉफ्टवेअर धुरकट दिसू लागतात, कारण विंडोज त्यांचं चित्र ताणून मोठं करतं. त्या प्रोग्रामच्या फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी, ‘चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज’, तिथे ‘ओव्हरराइड’वर टिचकी आणि खाली ‘सिस्टीम (एनहान्स्ड)’. बऱ्याचदा एवढ्याने भागतं.

आता ३२ इंची क्यूएचडी. यात इंचाला ९२ पिक्सेल, म्हणजे २४ इंची फुल एचडीइतकीच धार. १०० टक्के स्केलिंगवर पूर्ण २५६० × १४४० जागा मिळते आणि अक्षरही वाचण्याजोगं मोठं असतं. चाळिशीचा चष्मा लागलेल्यांना किंवा एक्सेलच्या लांबलचक शीट पाहणाऱ्यांना हा पर्याय खरोखर सुखाचा आहे, हे मान्य करायला हवं. अडचण टेबलाची येते. पॅनलची रुंदी ७० सेंटीमीटरच्या वर जाते. आपल्याकडची बरीच टेबलं दोन फूट खोल असतात आणि स्टँडचा पाय त्यातले वीसेक सेंटीमीटर खातो. एवढ्या जवळून कडेचा मजकूर वाचायला मान वळवावी लागते. शिवाय या किमतीत ३२ इंचीमध्ये व्हीए पॅनल जास्त आढळतं. त्याचा काळा रंग आयपीएस या दुसऱ्या प्रकारच्या पॅनलपेक्षा गडद असतो, पण तिरकं पाहिलं की रंग फिके पडतात. जवळ बसल्यावर कोपरे तुमच्यासाठी तिरकेच असतात. डार्क मोडमध्ये पान भरभर सरकवलं तर अक्षरांमागे सावलीही ओढली जाते. टेबल अडीच फूट खोल असेल, किंवा भिंतीवरच्या आर्मवर लावणार असाल, तर यातल्या बहुतेक तक्रारी सौम्य होतात.

कोणताही क्यूएचडी घेण्याआधी लॅपटॉपचं पोर्ट तपासा. जुनं एचडीएमआय १.४ असेल तर क्यूएचडी ६० हर्ट्झवर (सेकंदाला ६० वेळा चित्र ताजं होतं) व्यवस्थित चालतो. त्याच पोर्टवर फोरके (३८४० × २१६०) मात्र ३० हर्ट्झलाच अडकतो आणि माउसचा बाण ओढल्यासारखा चालतो. बजेट ताणून २७ इंची फोरके घेणाऱ्यांची निराशा बहुतेक इथेच होते. यूएसबी-सी पोर्ट दिसलं म्हणजे त्यातून चित्र निघेलच असं नाही, त्याला डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड, म्हणजे त्या पोर्टमधून चित्र पाठवायची सोय, लागतो. स्वस्त व्हीजीए कन्व्हर्टरच्या वाटेला जाऊच नका, ते सहसा फुल एचडीवर थांबतात. जोडणी झाल्यावर सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले इथे डेस्कटॉप रिझोल्युशन आणि ‘ॲक्टिव्ह सिग्नल’ हे दोन्ही आकडे सारखे आहेत का ते बघा. दुसरा आकडा १९२० × १०८० असेल तर मजकूर धूसर राहणारच. केबल किंवा ॲडॉप्टर बदला. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डावर एचडीएमआयने जोडल्यावर काळा रंग राखाडी दिसला, तर कंट्रोल पॅनलमध्ये ‘आउटपुट डायनॅमिक रेंज’ फुल करा.

३२ इंची स्वस्त टीव्ही मॉनिटर म्हणून लावायचा मोह टाळा. या आकारातले बरेच टीव्ही १३६६ × ७६८ चेच असतात.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात ऑफिसातून निघालेले जुने २७ इंची क्यूएचडी मॉनिटर मिळतात. स्टँड वर-खाली होणारा, पॅनल आयपीएस, त्यामुळे सौदा चांगला ठरू शकतो. पण त्यातल्या काहींचं एचडीएमआय फुल एचडीपुढे जात नाही, पूर्ण रिझोल्युशन डिस्प्लेपोर्टवरच मिळतं. तिथेच केबल लावून खात्री करा आणि पांढरं पान उघडून कडा पिवळट पडल्यात का ते पाहा.

नव्या स्वस्त मॉनिटरचा स्टँड बहुधा फक्त मागे-पुढे कलतो. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत यायला हवी. ए-फोर कागदाचं एक रीम खाली ठेवलं तर साधारण पाच सेंटीमीटर उंची मिळते. पुढे आर्म लावायचा विचार असेल तर मागे ७५ किंवा १०० मिलिमीटरची चार व्हेसा भोकं आहेत ना, हे घेतानाच बघा.

३४ इंची अल्ट्रावाइडकडे (नेहमीपेक्षा आडव्या, रुंद मॉनिटरकडे) लक्ष असणाऱ्यांसाठी एक माहिती: ३२ इंचांवरच्या मॉनिटरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला. तरीही तो या बजेटच्या बाहेरच जातो.

२७ इंची क्यूएचडीला दोन-तीन हजार कमी पडत असतील तर महिनाभर थांबणं बरं. थांबणं शक्य नसेल तर २७ इंची फुल एचडी घेण्याऐवजी २४ इंची फुल एचडी घ्या. अक्षर जास्त रेखीव आणि पैसेही कमी. मॉनिटर घरी आला की परत करण्याची मुदत संपायच्या आत पूर्ण पांढरं, काळं, लाल, हिरवं आणि निळं चित्र एकेकदा स्क्रीनभर उघडून मेलेले पिक्सेल शोधा. एखाद-दुसरा पिक्सेल मेलेला असेल तर अनेक कंपन्या वॉरंटीत मॉनिटर बदलून देत नाहीत. मग मॉनिटरच्या मेनूतली शार्पनेस मधल्या आकड्यावर आणा, क्लिअरटाइप ट्यूनर एकदा चालवा आणि ‘विद्यार्थ्यांनी’ पुन्हा वाचून बघा. अक्षरांभोवती पांढरी कड दिसत असेल तर शार्पनेस अजून जास्त आहे.