खाडीवरच्या गळाचं पॅकेज घेण्याआधी तिथी बघा

दिवाळी आटोपली की मराठवाड्यातल्या गळवाल्यांच्या व्हॉट्सॲप गटांत एक जाहिरात फिरायला लागते. कोकणात खाडीवर दोन दिवस, होडी, रॉड, आमिष, जेवण सगळं धरून माणशी ४,५००, आणि वर ठळक अक्षरांत 'जिताडा गॅरंटी'. जायकवाडी, येलदरी, माजलगावच्या पाण्यावर मरळ, वाम आणि कटला धरणाऱ्यांना जिताड्याचं आकर्षण असणारच. तो ओढतो जोरात, पाण्याबाहेर उड्या मारतो आणि खायलाही उत्तम. खाडीत मासा नसतो अशातला भाग नाही. जिताडा आहे, तांबोशी आहे, शिंगाळा आणि काळुंदरही आहे. फसवणूक होते ती पाण्याच्या वेळेत. धरणाचं पाणी दिवसातून दोनदा चढत-उतरत नाही. त्यामुळे आपल्याकडचा माणूस तारीख विचारतो, भाव विचारतो, भरती विचारत नाही, आणि विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं.

परभणीकडच्या सात जणांच्या एका गटाबरोबर झालं ते नमुन्यादाखल सांगण्यासारखं आहे. रविवार पौर्णिमेचा होता. जाहिरातीत 'सकाळी ६ ते ११ होडीत' असं लिहिलेलं. निम्मा इसार यूपीआयवर गेला, उरलेले पैसे आदल्या रात्री मुक्कामाच्या ठिकाणी घेतले. साडेपाचला मंडळी जेट्टीवर पोचली तर खाली नुसता चिखल, होडी एका कुशीवर कललेली आणि पाण्याची धार पार लांब. पाणी येऊन होडी तरंगायला पावणेनऊ झाले. जागेवर जायला अर्धा तास, परत यायला अर्धा तास. ११ वाजता 'वेळ संपली', कारण वेळ ६ पासून धरलेली. पुढे थांबायचं असेल तर तासाला १,५०० वेगळे. पाच तासांचे पैसे देऊन प्रत्यक्ष गळ पाण्यात राहिला सव्वा तास.

यात होडीवाल्याला शिव्या घालण्यात अर्थ नसतो. त्याला बहुतेक वेळा मधल्या माणसाने 'नऊला पार्टी येईल' एवढंच सांगितलेलं असतं, आणि त्याच्या हातात पडतात ते होडीच्या एका फेरीचे पैसे. ६ चा आकडा घातलेला असतो मधल्याने, पॅकेज मोठं दिसावं म्हणून.

हा डाव घरबसल्या पकडता येतो. कोकणातला जुना ठोकताळा आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता, एकादशीला सव्वाआठला. शुक्ल असो वा कृष्ण, पक्ष कोणताही चालतो. त्यानंतर सहा तासांपेक्षा थोड्या जास्त वेळाने पूर्ण ओहोटी, आणि सुमारे १२ तास २५ मिनिटांनी पुन्हा भरती. रोज ही वेळ साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. पौर्णिमेचा हिशोब करा: पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे ओहोटी पहाटे ५ च्या आसपास, आणि ६ वाजता होडी चिखलात असणारच. हे सांगायला कोकणात जाण्याची गरज नव्हती, भिंतीवरची दिनदर्शिका पुरली असती.

ठोकताळ्यात अर्धा-पाऊण तासाची चूक धरून चाला. भरती आधी मुखाशी येते आणि नदीत वर जाईल तशी उशिरा पोचते, हेही लक्षात ठेवा. पैसे भरण्याआधी भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्याशी वेळ ताडून बघावी.

मग कोणती तिथी घ्यायची? अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाण्याची चढ-उतार कमी, ओढ मंद, आणि मासा सुस्त. पौर्णिमा-अमावास्येचं उधाण नवख्याला झेपत नाही. ६० ग्रॅमचं शिसंसुद्धा तळाला टिकत नाही आणि दर फेकीला पालापाचोळा गळाला येतो. चतुर्थी-पंचमीला भरती तीन ते पावणेचारला पूर्ण होते. त्या दिवशी भरतीच्या आधीचे आणि नंतरचे तास धरून होडी घेतली तर चढतं पाणीही मिळतं आणि उतरतंही. उतरत्या पाण्यात कांदळवनातले छोटे नाले रिकामे होताना कोळंबी आणि बारके मासे बाहेर वाहत येतात, आणि जिताडा नेमका त्या नाल्याच्या तोंडाशी दबा धरून असतो. वर सांगितलेल्या पॅकेजात हीच दुपारची ओहोटी 'जादा तास' म्हणून वेगळी विकली जात होती.

विकणाऱ्याला फोनवर दोनच प्रश्न विचारा. त्या दिवशी भरती किती वाजता पूर्ण होते? जेट्टीवर होडी किती वाजता तरंगते? खाडीवर रोज गरवणारा माणूस कागद न बघता उत्तर देतो. 'सर, मासा भरपूर आहे, तुम्ही टेन्शन घेऊ नका' असं उत्तर आलं तर फोन ठेवून द्या.

गॅरंटीमागे आणखी एक प्रकार असतो. पेण-अलिबागकडच्या खारेपाटात तलावात जिताडा पाळायची जुनी पद्धत आहे, आणि हा मासा गोड्या, मचूळ आणि खाऱ्या अशा तिन्ही पाण्यांत जगतो. एखाद्या बांध घातलेल्या तलावात सोडलेला जिताडा 'खाडीतला' म्हणून धरायला लावायचा, शिवाय धरलेल्या माशाचे किलोवर पैसे घ्यायचे. तलावावर पैसे देऊन मासेमारी करण्यात गैर काही नाही, पण ते तलावाच्या भावात आणि तलाव म्हणून. ओळखायला अवघड नाही. पोचल्याबरोबर पाण्याच्या कडेला एक काडी रोवा आणि पाणी जिथे टेकलंय तिथे नखाने खूण करा. अर्ध्या तासाने बघा. भरती-ओहोटीच्या मधल्या तासांत खाडीचं पाणी वीतभर तरी हललेलं असतं. तलावात खूण तिथेच. खऱ्या खाडीत तिवरांच्या बुंध्यांवर ओल्या चिखलाची रेघ असते, दगडांवर कालवं चिकटलेली असतात.

जाहिरातीतले फोटोही जरा ताणून, मोठे करून बघा. ॲल्युमिनियमची चकचकीत होडी आणि मागे लालसर मातीचा काठ असेल तर तो फोटो ऑस्ट्रेलियातला असण्याची शक्यता जास्त. बारामुंडी म्हणजे आपला जिताडाच, म्हणून मासा बघून संशय येत नाही. होडी आणि काठ बघा.

पावसाळ्यात 'नदी-सागर संगम स्पेशल' विकणारेही आहेत. जुलै-ऑगस्टमध्ये कोकणातल्या नद्या गढूळ लाल होऊन वाहतात आणि खारं पाणी मुखाकडे ढकललं जातं. शिवाय १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारीची बंदी असते. वाशिष्ठीचं गणित आणखी निराळं. कोयनेच्या वीजगृहांतून सुटलेलं पाणी तिच्यात येतं, म्हणून पाऊस नसतानाही तिच्यात गोड्या पाण्याची आवक चालू असते. मुखापासून किती वरपर्यंत खारं पाणी मिळेल याचा सावित्रीवरचा अंदाज तिथे लागू करता येत नाही. या दोन्ही नद्यांत मगरी आहेत. कंबरभर पाण्यात उतरून गळ टाका असं कुणी सांगितलं तर सरळ नाही म्हणायचं.

आता पॅकेजबरोबर गळ्यात मारला जाणारा रॉड-रीलचा 'किट'. ३,५०० ला 'शंभर टक्के कार्बन' रॉड, 'बारा अधिक एक बेअरिंग'चं रील आणि '४० पौंडांचा' ब्रेड (वेणीसारखा विणलेला) दोरा. रॉडचे दोन तुकडे सोडवा आणि जोडाच्या आतल्या कडेकडे बघा, जिथे रंग पोचलेला नसतो. कार्बन काळा दिसतो, काचतंतू पांढुरका नाहीतर पिवळट. तरी शंका राहिली तर मल्टीमीटरच्या दोन्ही पिना त्या उघड्या कडेवर टेकवा. कार्बनमधून वीज वाहते, काचतंतूतून वाहत नाही. (म्हणूनच खरा कार्बन रॉड विजेच्या तारांखाली उभा धरायचा नसतो.) दोऱ्याची परीक्षा लगेज काट्यावर होते. मीटरभर दोरा एका टोकाला काट्याच्या हुकाला, दुसऱ्या टोकाला पक्क्या खुंटीला, मधे गाठ न येईल असा गुंडाळून बांधा आणि हळूहळू ओढा. डोळ्यांवर चष्मा असू द्या. ४० पौंड म्हणजे १८ किलो. नकली दोरा त्याच्या बऱ्याच आधी तुटतो, आणि तुटण्याआधी रबरासारखा ताणला जातो. चांगला ब्रेड जवळजवळ ताणतच नाही.

बेअरिंगच्या संख्येला भुलू नका. खाऱ्या पाण्यात साधी बेअरिंग धुतली नाहीत तर गंजून खरखरायला लागतात, मग ती तेरा असोत की तीन. जिताड्यासाठी ७ ते ८ फुटी, १५-३० पौंडांचा रॉड, ४० पौंडांचा मोनो लीडर (दोरा आणि गळ यांच्या मधला जाड नायलॉनचा तुकडा) आणि जिवंत कोळंबीला २/० ते ४/० चा गोल गळ पुरतो. लीडर वगळून 'थेट ब्रेडला गळ बांधा' असं सांगणाऱ्याला हा मासा माहीत नाही. जिताड्याच्या गालफडाची कड धारदार असते, बारीक ब्रेड त्यावर घासला की कापला जातो.

'सरकारी परवाना फी' म्हणून माणशी ३००-५०० वेगळे मागतात. पावती मागा, आणि तिच्यावर लिहिलेल्या कार्यालयाला फोन करून विचारा. प्रत्येक किनारी जिल्ह्यात मत्स्यव्यवसाय विभागाच्या सहायक आयुक्तांचं कार्यालय असतं. होडीवर रंगवलेला नोंदणी क्रमांक नसेल किंवा माणशी एक लाइफ जॅकेट नसेल तर चढू नका, पैसे बुडाले तरी चालतील.

पैशांबद्दल. इसार द्यायचाच तर चौथ्या हिश्शापेक्षा जास्त नको, आणि त्याआधी तारीख, होडीचे प्रत्यक्ष तरंगते तास, ठिकाण आणि रद्द झाल्यास परतावा हे चारही मुद्दे लेखी संदेशात घ्या. फोनवरचं बोलणं पुढे कामाला येत नाही. तक्रार केल्यावर बऱ्याचदा दुसरी फसवणूक सुरू होते. 'परतावा पाठवतोय, पिन टाका.' पैसे यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात.

जाहिरात देणारा इसार घेऊन गायबच झाला तर लगेच १९३० ला फोन करा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकतात. माणूस समोर आहे पण कबूल केलेलं दिलं नाही, अशा प्रकरणात ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानुसार तक्रार स्वतःच्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे परभणीच्या माणसाला रत्नागिरीला खेटे घालायची गरज नाही. मुदत दोन वर्षांची, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, पैसे दिल्याचा संदेश आणि चिखलात कललेल्या होडीचा वेळ-तारखेसह फोटो जोडा. त्याबरोबर त्या दिवसाचा भरतीचा तक्ताही जोडा. ६ वाजता त्या जेट्टीवर पाणी असणं शक्यच नव्हतं, हे त्यावरून आयोगाला दिसतं.